मरीयेने आधी विचारलं, मग होकार दिला

प्रश्न : आमचं घर मराठी, कचेरी तेलुगू. नात मिशनच्या शाळेत सातवीला आहे. यंदा नाताळच्या नाटकात तिला येशूच्या आईचं काम मिळालंय. पाठांतर करताना ऐकलं, तर तिला मेलं एकच वाक्य. देवदूत काहीतरी लांबलचक सांगतो आणि ही हात जोडून ‘आपली आज्ञा शिरसावंद्य’ म्हणते. मी आधी सासूचं ऐकलं, मग नवऱ्याचं, आता मुलाचं ऐकते. नातीलाही तेच शिकवायचं का? रागावून विचारत नाही, कुतूहल आहे म्हणून विचारते. ख्रिस्ती लोकांच्या एवढ्या मोठ्या सणाची गोष्ट ‘निमूट ऐका’ एवढ्यावरच उभी आहे का?
— एक आजी, बेला, जि. आदिलाबाद

उत्तर : आजी, नाटक बसवणाऱ्यांनी तुमच्या नातीचं एक वाक्य खाल्लंय, आणि नेमकं तेच महत्त्वाचं होतं.

ही गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात येते. गालील प्रांतातलं नासरेथ हे आडगाव. तिथे मरीया नावाची मुलगी, योसेफ नावाच्या माणसाशी तिची सोयरीक झालेली. गब्रीएल देवदूत येतो आणि तिला नमस्कार करतो. मरीया काय करते? हात जोडत नाही. ती गडबडते आणि मनाशी विचार करते, हा असा कसा नमस्कार? मग देवदूत तिला मुलगा होणार असल्याचं सांगतो, तेव्हा ती सरळ विचारते, की माझा पुरुषाशी संबंध आलेला नाही, तर हे व्हायचं कसं? देवदूत रागावत नाही. तो समजावून सांगतो आणि वर एक खूणही देतो : तुझ्या नात्यातली म्हातारी अलीशिबा, जिला लोक वांझ म्हणत होते, तिला सहावा महिना चालू आहे. एवढं सगळं बोलणं झाल्यावर मरीया हो म्हणते, आणि तिने हो म्हटल्यावरच देवदूत निघून जातो.

शाळेच्या नाटकात मात्र पंधरा मिनिटांत गव्हाणीपर्यंत पोचायचं असतं. मेंढपाळांना यायचं असतं, तीन राजांना यायचं असतं, कारण त्यांचे आईबाप समोर मोबाइल धरून बसलेले असतात. मग मधला प्रश्न उडतो आणि उरतं ते नुसतं हात जोडणं.

बाराव्या शतकात फ्रान्समध्ये क्लेर्व्होचा बर्नार्ड म्हणून एक मठाधिपती होऊन गेला. त्याने या प्रसंगावरच्या प्रवचनात एक विलक्षण कल्पना केली आहे. देवदूत बोलून थांबला आहे, आणि आदामापासून आजपर्यंतची सगळी माणसं, जिवंत आणि मेलेली, त्या मुलीच्या तोंडाकडे बघत उभी आहेत. बर्नार्ड स्वतःही त्यात उभा राहून तिला विनवतो, की बाई, लवकर उत्तर दे. यातली गंमत लक्षात घ्या. हुकूम सोडणारा उत्तराची वाट बघत नाही. हुकूम सोडतो आणि चालू लागतो. इथे साक्षात देव खोळंबला आहे.

याच अध्यायात जरा आधी दुसऱ्या एकाकडेही हाच देवदूत गेलेला असतो. जखऱ्या, यरुशलेमच्या मंदिरातला याजक, अलीशिबेचा नवरा. तुम्हाला म्हातारपणी मूल होईल, असं त्याला सांगितलं जातं. तोही प्रश्न विचारतो, हे मी कशावरून खरं मानू? त्याची वाचाच जाते. मूल जन्मून आठव्या दिवशी नाव ठेवायची वेळ येईपर्यंत तो मुका. दोघांचे प्रश्न वरवर सारखेच दिसतात, मग एकाला शिक्षा आणि दुसरीला उत्तर का? जुने भाष्यकार सांगतात, की जखऱ्याने पुरावा मागितला आणि मरीयेने रीत विचारली. ते असेलही. मला मात्र लूकचा कल वेगळाच दिसतो. मंदिरात धूप जाळणारा, कुळाचा, मानाचा म्हातारा एकीकडे आणि नाव-गाव नसलेली पोर दुसरीकडे. या दोघांत बोलायचा अधिकार तो पोरीला देतो. पुस्तकभर त्याचं हेच चालू असतं.

पुढे तर आणखी गंमत. देवदूत गेल्यावर मरीया घाईने उठते आणि यहूदियाच्या डोंगराळ भागात अलीशिबेकडे निघून जाते. बापाला विचारल्याचा उल्लेख नाही, योसेफाला विचारल्याचाही नाही. तीन महिने तिकडेच राहते. तिथे ती जे स्तोत्र गाते, त्यात बलवान सिंहासनावरून खाली येतात, उपाशी पोट भरून जातात आणि श्रीमंत रिकाम्या हाताने परततात. ख्रिस्ती मठांत हे गाणं रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत म्हटलं जातं. निमूट बाईचं गाणं असं नसतं.

आता तुमच्या शंकेची दुसरी बाजू. ती अस्थानी मुळीच नाही. दुसऱ्या शतकात इरेनियस नावाच्या बिशपने लिहिलं, की हव्वेच्या आज्ञाभंगाने बसलेली गाठ मरीयेच्या आज्ञापालनाने सुटली. तिथून पुढे शतकानुशतकं ही गाठ बायकांच्याच पदराला बांधली गेली. प्रवचनं देणारे पुरुष, ऐकणाऱ्या बायका, आणि मरीयेसारख्या व्हा म्हणजे आमचं ऐका. 1521 मध्ये मार्टिन ल्यूथरने मरीयेच्या त्या स्तोत्रावर लिहिताना निदान एवढं तरी ठणकावलं, की मरीया स्वतःच्या नम्रतेचं कौतुक करत नाही, ती आपली हलकी परिस्थिती सांगते आहे. खरा नम्र माणूस आपण नम्र आहोत हे जाणतच नाही.

मराठीत हा वाद एका बाईने अंगावर घेतला, पंडिता रमाबाईंनी. 1883 मध्ये त्या आपल्या छोट्या मुलीला, मनोरमेला, घेऊन इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावी, मरीयेच्याच नावाने चालणाऱ्या अँग्लिकन मठात उतरल्या. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकायला राहिल्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी नाक मुरडलं. बाईने पुरुषांना शिकवलं तर म्हणे हिंदुस्थानात तिची किंमत उतरेल. रमाबाईंना हे हास्यास्पद वाटलं. त्या काय, भर सभेत पुराण सांगून कलकत्त्याच्या पंडितांकडून ‘सरस्वती’ पदवी घेतलेल्या बाई.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन आणि रमाबाई यांची या काळातली पत्रं पुढे पुस्तकरूपाने छापली गेली आहेत. सिस्टरचा सूर प्रेमाचा, पण आग्रह एकच : तुझ्यात गर्व आहे, नम्र हो, चर्चचं ऐक. 1885 च्या मे महिन्यात रमाबाईंनी दिलेल्या उत्तराचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाचं जोखड मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, लगेच दुसरं चढवून घ्यायला मी तयार नाही. देवाचं मी ऐकते, पण देवाच्या वतीने बोलतो म्हणणाऱ्या प्रत्येकाचं ऐकणं म्हणजे देवाचं ऐकणं, हे मला मान्य नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, यावरूनही त्या भांडल्या. मरीयेच्या नावाच्या मठात त्यांना हट्टी ठरवलं जात होतं, आणि त्या मात्र मरीयेने देवदूताशी जे केलं तेच करत होत्या. आधी विचारत होत्या.

याच बाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातून आलेल्या शेकडो बायामुलींना आसरा दिला. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणलं. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला, कागद मोडायला, पुस्तकं बांधायला मुक्तीतल्याच बायका होत्या. मधल्या काळात, 1921 मध्ये, मनोरमा गेली. रमाबाईंनी काम थांबवलं नाही, ते हातावेगळं केलं आणि 5 एप्रिल 1922 ला त्या वारल्या. मरीयेचा तो प्रश्न आणि तो होकार, दोन्ही त्यांच्या हाताखालून गेलेले आहेत. या बाईंइतकी देवाची आज्ञाधारक बाई त्या काळात शोधून सापडली नसती, आणि माणसांना इतकं जड गेलेली बाईही.

दुसऱ्या आपल्या लक्ष्मीबाई टिळक. नवरा 1895 मध्ये ख्रिस्ती झाला. नवरा जाईल तिकडे बायकोने जायचं, हा त्या काळचा नियम. त्या गेल्या नाहीत. काही वर्षं वेगळ्या राहिल्या, सोवळं पाळलं, रडल्या, भांडल्या, आणि पटलं तेव्हा स्वतःच्या मनाने 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ घरात नसेल तर नातीकरता मागवून घ्या. नवऱ्याचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ पुढे याच बाईंनी लिहीत नेलं.

तेव्हा शाळेत जाऊन सिस्टरना एवढंच सांगा, की आमच्या मुलीचं वाक्य लूकमध्ये आहे, ते नाटकात घ्या. पुस्तकातलंच आहे म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येणार नाही. आणि ‘आज्ञा शिरसावंद्य’ हे नाटकवाल्यांचं पौराणिक मराठी आहे, ते काढून टाकलं तरी चालेल.

प्रश्न : मुलगा योसेफ झालाय. त्याला एकही संवाद नाही. नुसती दाढी लावून, काठी धरून गव्हाणीशेजारी उभं राहायचं. तो रुसून बसलाय. योसेफाचं नेमकं काम काय?
— एक पालक, किनवट, जि. नांदेड

उत्तर : मुलाला सांगा, की बाबा रे, चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक शब्दही नाही. नाटकवाल्यांनी तुझ्यावर अन्याय केलेला नाही. पण उभं राहायला लावणं हा मात्र अन्याय आहे, कारण मत्तयाच्या शुभवर्तमानात योसेफाइतकी धावपळ कुणाचीच नाही.

सोयरीक झालेली मुलगी गरोदर निघाली. त्या वेळच्या नियमशास्त्रात याला दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा सांगितलेली होती. योसेफ भला माणूस. गावभर बोभाटा न करता गुपचूप तिला मोकळं करावं, असं त्याने ठरवलं. म्हणजे नियम वाकवायला तो स्वप्न पडण्याआधीच तयार झाला होता. मग स्वप्नात देवदूत आला, तिला घरी आणायला घाबरू नकोस म्हणाला, आणि योसेफ उठून तिला घरी घेऊन आला. गावातले लोक पुढे काय काय बोलले असतील ते तुम्ही-आम्ही सांगायला नको.

एकूण चार स्वप्नं. तिला घरी आण. लेकराला घेऊन मिसरला पळ. आता परत ये. यहूदियात राहू नकोस, गालीलात जा. पहिल्या तिन्ही वेळी मत्तय तीच शब्दकळा वापरतो, तो उठला आणि त्याने तसं केलं. मिसरला जायचं तर रात्रीच उठला. हेरोद राजा बेथलेहेमातली दोन वर्षांच्या आतली मुलं मारायला निघालेला. वाचताना कंस आणि वसुदेव आठवले नाहीत असा मराठी वाचक विरळा.

आणि या गोष्टीत आज्ञापालनाबद्दलची खरी मेख मला इथेच दिसते. पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांना हेरोदाने फर्मावलं होतं, की मूल सापडलं की मला येऊन सांगा. त्यांना स्वप्नात सूचना मिळाली आणि ते दुसऱ्याच वाटेने घरी गेले. राजाचा हुकूम मोडला. योसेफाने गावाची रीत मोडली, राजाच्या शिपायांना चकवलं, सरहद्द ओलांडली. या गोष्टीत जो जो देवाचं ऐकतो, त्याला कुणा ना कुणा वजनदार माणसाचं ऐकता येत नाही. मुळात जुन्या करारातही असंच आहे. फारोने इस्राएली मुलगे जन्मताच मारायला सांगितले, तर शिफ्रा आणि पुवा या दोन सुइणींनी ते ऐकलं नाही. मत्तयाला ती गोष्ट तोंडपाठ होती. त्याच्या हेरोदाला फारोचाच चेहरा आहे.

जाता जाता : मागी तीन होते, असं मत्तय कुठेच सांगत नाही. भेटवस्तू तीन, म्हणून माणसं तीन. राजे होते, असंही नाही. बैल आणि गाढव दोन्ही शुभवर्तमानांत नाहीत. ते यशयाच्या पुस्तकातल्या एका वचनावरून गोठ्यात शिरले. 1223 मध्ये असिसीच्या फ्रान्सिसने ग्रेचो गावी खरीखुरी जनावरं आणून देखावा मांडला, तेव्हापासून ती तिथून हलली नाहीत. तुमच्याकडे डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते, ज्वारीच्या कडब्याला तोटा नसतो, तेव्हा गव्हाणी झकास होईल. मुलाच्या हातातली काठी काढून घ्या आणि खांद्यावर वळकटी द्या. निघायच्या तयारीतला योसेफ मत्तयाला जास्त पटला असता.

प्रश्न : आमचं गाव महाराष्ट्राच्या यादीत आहे आणि तेलंगणाच्याही. रेशन कार्डं दोन, मतदान दोनदा. नाताळच्या गोष्टीत योसेफ नाव नोंदवायला पूर्वजांच्या गावी जातो म्हणे. अशी जनगणना खरंच झाली होती का?
— केरामेरी-जिवती सीमेवरचा एक वाचक

उत्तर : तुमच्याकडे माणूस जागचा हलत नाही आणि दोन सरकारं येऊन नाव लिहून जातात. लूकच्या गोष्टीत सरकार एकच, पण त्यासाठी दिवस भरत आलेल्या बाईला नासरेथहून बेथलेहेमला जावं लागतं. सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या वर, वाटेने त्याहून बरंच जास्त. गाढव त्यातही नाही.

लूक म्हणतो, की कैसर ऑगस्टसचा हुकूम निघाला आणि सूरियाचा सुभेदार क्विरिनियस असताना ही नोंदणी झाली. क्विरिनियसची नोंदणी झाली हे खरं, पण इसवी सन 6 मध्ये. आणि येशू जन्मला तेव्हा हेरोद राजा जिवंत होता, असं मत्तय सांगतो. लूकही सुरुवातीला हेरोदाचाच काळ देतो. हेरोद इसवी सनापूर्वी 4 मध्ये मेला. दहाएक वर्षांचं अंतर पडतं. ते बुजवायचे अनेक प्रयत्न झाले. बहुतेक अभ्यासक हिशेब जुळत नाही, असंच मानतात. नोंदणीसाठी घरी परतण्याची कल्पना मात्र अगदीच हवेतली नाही. इसवी सन 104 मध्ये रोमच्या मिसरातल्या सुभेदाराने, बाहेरगावी गेलेल्यांनी शिरगणतीसाठी आपापल्या घरी परतावं, असा हुकूम काढला होता. त्याचा पपायरस सापडला आहे.

तुमच्या प्रश्नात आज्ञापालनाचं एक टोक दडलं आहे. शिरगणती म्हणजे करवसुलीची यादी, हे तेव्हा शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इसवी सन 6 च्या नोंदणीविरुद्ध गालीलातल्याच यहूदा नावाच्या माणसाने बंड केलं. देवाशिवाय कुणाला धनी मानणार नाही, ही त्याची भूमिका होती, असं योसेफस हा इतिहासकार लिहितो. त्याच गालीलातला सुतार योसेफ मात्र गपगुमान चालू लागतो. एकाच हुकमाला दोन उत्तरं. लूकला यहूदाचं बंड माहीत होतं, त्याच्या दुसऱ्या पुस्तकात, प्रेषितांच्या कृत्यांत, त्याचा उल्लेख आहे. तरी त्याने कैसराची यादी निवडली, आणि नकळत तिचा वापर करून घेतला. हुकूम कैसराचा, पण मूल जन्मतं दाविदाच्या गावात, जुन्या संदेष्ट्याने सांगितलेल्या. कैसराला वाटतं आपण माणसं मोजतोय.

केरामेरीच्या माणसाला बंड करणं आणि चालू लागणं यांतला फरक समजावून सांगावा लागू नये. जोडेघाट तुमच्याच मंडलात. निजामाच्या जंगल आणि महसूल खात्याविरुद्ध उभा राहिलेला कोमरम भीम 1940 मध्ये तिथे मारला गेला. आणि त्याच गोंड समाजातले मेस्राम कुळाचे लोक दर पौषात केस्लापूरच्या नागोबासाठी अनवाणी चालत गोदावरीचं पाणी आणतात. त्या चालण्यासाठी कुणा तहसीलदाराची नोटीस निघत नाही.

प्रश्न : 25 डिसेंबर हीच येशूची खरी जन्मतारीख का?
— दोन-तीन वाचकांकडून

उत्तर : नाही. शुभवर्तमानांत तारीख दिलेलीच नाही. रोममध्ये 336 साली या दिवशी जन्मोत्सव साजरा होत असल्याची नोंद मिळते, ती सगळ्यात जुनी.

प्रश्न : आमच्या भागातले फादर, सिस्टर बहुतेक केरळचे. त्यांना वरून आदेश आला की दहा वर्षांचं बस्तान मोडून दुसऱ्या गावी जातात. हे आज्ञापालन मरीयेसारखंच का? आणि मराठीत ही जन्मकथा यांनीच आणली का?
— एक शिक्षक, मंचेरियाल

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. केरळची मंडळी या भागात आली ती 1962 च्या सुमारास. सिरो-मलबार पंथाला केरळबाहेर मिळालेलं हे पहिलं मिशन, चांद्याचं. 1977 मध्ये त्याचं धर्मप्रांतात रूपांतर झालं आणि 1999 मध्ये त्यातून आदिलाबादचा धर्मप्रांत वेगळा निघाला. म्हणजे राज्य पुनर्रचनेत किनवट, राजुरा एकीकडे आणि आदिलाबाद दुसरीकडे गेलं, तरी चर्चच्या नकाशावर चांदा आणि आदिलाबाद पुढे कित्येक वर्षं एकत्रच होते.

मराठीत ही कथा त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी आली होती. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्याला उतरला आणि साष्टीत राहिला. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. ओव्या दहा हजारांच्या वर. त्यातल्या दुसऱ्या पुराणात येशूचा जन्म येतो. रचनाही बघण्यासारखी आहे. नव्याने ख्रिस्ती झालेले लोक देवळात जमतात, पाद्रीबुवांना म्हणतात, आमची जुनी पुराणं गेली, आता वाचायला काय? आणि मग ते शंका विचारतात, तो उत्तरं देतो. म्हणजे मराठीतली पहिली नाताळची कथा प्रश्नोत्तरांतच सांगितली गेली. ज्या गोव्यात इन्क्विझिशन बसलं होतं आणि देशी भाषांतली पुस्तकं जाळली गेली होती, तिथे श्रोत्यांना तोंड देणारं पुस्तक लिहायला या माणसाला जागा कशी सापडली, याचं मला नेहमी नवल वाटतं.

स्टीफन्सनेही तीच तीन व्रतं घेतली होती जी तुमच्याकडचे सिस्टर, फादर घेतात : दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. हे मरीयेसारखं का? सुरुवातीला, हो. पोक्त वयात, विचार करायला कित्येक वर्षं देऊन, पुन्हा पुन्हा विचारून व्रत घेतलं जातं. नाही म्हणायची सोय असते आणि बरेच जण मध्येच नाही म्हणून घरी जातात. पुढचं मात्र वरिष्ठ कसा आहे यावर अवलंबून. मरीयेच्या समोर देवदूत होता. सिस्टरच्या समोर माणूस असतो, त्याला पाय मातीचे असतात. चांगल्या मठांत बदलीआधी माणसाशी बोलतात. जिथे बोलत नाहीत, तिथे बर्नार्डचं ते प्रवचन भिंतीवर लावायला हरकत नाही.

प्रश्न : मी बालवर्ग चालवते. मुलांनी मोठ्यांचं ऐकावं, हे शिकवायला येशूच्या जन्माची गोष्ट सांगू का?
— एक बालवाडीताई, तलमडगू, जि. आदिलाबाद

उत्तर : गोष्ट सांगा, पण त्यासाठी नको. ख्रिस्ती श्रद्धेत या कथेतला सगळ्यात मोठा नम्र माणूस मूल नाहीच, किंवा मूल आहे पण तुम्ही समजता त्या अर्थाने नाही. पौल फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सांगतो, की जो देवाच्या बरोबरीचा होता त्यानेच ते सगळं सोडलं, दासाचं रूप घेतलं आणि मरणापर्यंत आज्ञा पाळली. म्हणजे वाकलं कोण? वर बसलेला वाकला. गव्हाणीचा अर्थ त्यांच्या लेखी हा आहे. मोठ्यांनी लहानांकडून नम्रता वसूल करावी, असं यातून निघत नाही. निघालंच तर उलटं निघतं.

आणि तरीही सांगायचीच असेल, तर लूकने जन्मकथेला जोडून लगेच पुढे काय ठेवलंय ते वाचून घ्या. येशू बारा वर्षांचा झाल्यावर आईबाप त्याला वल्हांडणाच्या सणाला यरुशलेमला नेतात. सण संपल्यावर मंडळी परत निघतात आणि हा न सांगता मागेच राहतो. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर आईबापांच्या लक्षात येतं. शोधत शोधत परत येतात, तीन दिवसांनी मुलगा सापडतो, मंदिरात, पंडितांच्या मध्ये बसून त्यांचं ऐकणारा आणि त्यांना प्रश्न विचारणारा. मरीया इथेही विचारते, बाळा, असं का केलंस आमच्याशी? तो उत्तर देतो, मी माझ्या पित्याच्या घरी असणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? दोघांनाही ते कळलं नाही, असं लूक स्वच्छ लिहितो. मग तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

तुम्ही शेवटचं वाक्य सांगायला म्हणून ही गोष्ट काढाल, आणि पहिल्या रांगेतलं कुणीतरी विचारेल, की ताई, तो तीन दिवस न सांगता राहिला तेव्हा त्याला मार नाही का बसला? त्या पोराला काय उत्तर द्यायचं, ते घरूनच ठरवून जा.